वीस सायकलींचा हिशेब

वीस सायकलस्वार एकामागे एक निघाले, तर त्यांची ओळ किती प्रकारे लागू शकते? पहिल्या जागेवर २० पैकी कुणीही, दुसऱ्या जागेवर उरलेल्या १९ पैकी, मग १८ पैकी, असं गुणत गेलं की उत्तर येतं २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,०००. म्हणजे साधारण २४ हजार कोटी कोटी. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं मानतात. त्याचे सेकंद होतात जेमतेम ४,३५० कोटी कोटी. विश्व जन्मल्यापासून दर सेकंदाला ओळ बदलत राहिली असती, तरी आजवर एक पंचमांश क्रमसुद्धा लागून झाले नसते.

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाकडे निघणाऱ्या सायकल क्लबात ओळ खरोखरच सारखी बदलते, आणि ती बदलायला लावते हवा. सायकलचा वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरनं जाताना पायांची बहुतेक मेहनत हवेलाच खर्ची पडते. पुढच्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्या आडोशानं चालवणाऱ्याचा हवेचा विरोध मात्र तीस-चाळीस टक्क्यांनी कमी होतो. मला याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मागे कुणीतरी आहे एवढ्यानं पुढच्यालाही दोन-तीन टक्क्यांचा फायदा होतो.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाचे बर्ट ब्लोकेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली १२१ शर्यतपटूंच्या दाट घोळक्याभोवती हवा कशी वाहते, याचं गणित महासंगणकावर मांडलं. त्यासाठी हवेचे जवळजवळ तीन अब्ज तुकडे पाडले. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या सायकलपटूला हवेचा विरोध एकट्याच्या मानानं फक्त ५ ते १० टक्के होतो, असं त्यातून दिसलं. वीस हौशी माणसांच्या सैल ओळीत एवढा लाभ मिळत नाही. तरीही आळीपाळीनं पुढे येऊन वारा अंगावर घ्यायचा आणि दमलं की मागे सरकायचं, ही क्लबातली रीत या गणितावरच उभी आहे.

खडकवासला मागे पडतं, डोणजे येतं आणि गोळेवाडीनंतर घाट लागतो. इथे वेग इतका उतरतो की आडोशाचा उपयोग राहत नाही. प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यायचं असतं. माणूस ७० किलोचा, सायकल १२ किलोची. पुण्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंत साधारण ७०० मीटर उंची चढायची. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारं हे काम विजेच्या भाषेत किती? युनिटचा सहावा हिस्साही नाही! वीस जणांचं मिळून तीन युनिट, घराच्या बिलात लक्षातही येणार नाहीत इतकी. शरीर मात्र त्याच कामासाठी माणशी साडेपाचशे-सहाशे कॅलरी जाळतं, कारण स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी पाऊणएक भाग उष्णता होऊन निघून जातो. घाटात घामाच्या धारा लागतात त्या यामुळे.

घाट चढण्याच्या तासाभरात हृदय मिनिटाला पंधरा लिटर रक्त फिरवतं. अंगात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त तासात १८० फेऱ्या मारतं. वीस हृदयांचं मिळून १८ हजार लिटर!

उतरताना चढून मिळवलेल्या उंचीची ही कमाई ब्रेकला आणि वाऱ्याला द्यावी लागते. वीस जणांनी घाट उतरताना जी ऊर्जा उष्णता होऊन जाते, तिच्यात पंचवीस लिटर पाणी उकळलं असतं. आणि या साऱ्या वेळात प्रत्येक चाक रस्त्याला टेकलेलं असतं ते दहाच्या नाण्याहून किंचित मोठ्या जागेवर. ओल्या वळणावर हे ध्यानात ठेवावंच.

मला सर्वांत प्रिय असलेला आकडा मात्र लहान आहे: १९०. वीस माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात तेवढ्या. रस्ता मोकळा असेल तिथे दोघं शेजारी-शेजारी चालवतात, गाडी आली की एकेरी होतात. दर दहा मिनिटांनी जोडीदार बदलला, तर १९ पाळ्यांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं होतं. वेळ लागतो तीन तास दहा मिनिटं. तेवढा वेळ या वाटेवर जाता-येता आणि वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खाताना सहज मिळतो. शेजाऱ्याशी वर्षभरात तेवढं बोलणं होत नाही, अशा शहरात मी हे लिहितो आहे.

आणि एकविसावा आला तर? ओळीचे क्रम एकवीसपट होतात, ते राहू द्या. जोड्या १९० च्या २१० होतात. एकटा येऊन तो वीस ओळखी जोडतो. नवख्याला आम्ही ओळीच्या मधोमध घेतो, तिथे वारा कमी लागतो.