दुरुस्तीवर तरलेली परिक्रमा

शिडाच्या होडीतून जगाला वळसा घालणाऱ्यांच्या हकिगतीत वादळं असतात, डोंगराएवढ्या लाटा असतात. त्या खऱ्याच आहेत. पण त्या होडीवरचा बहुतेक वेळ जातो तो दोर बदलण्यात, फाटलेलं शीड शिवण्यात आणि आत झिरपलेलं पाणी उपसण्यात. समुद्रात काहीही मोडू शकतं आणि हाकेच्या अंतरावर मेकॅनिक नसतो. म्हणून दर्यावर्दीपणाची निम्मी विद्या हत्यारांच्या पेटीत असते, असं माझं ठाम मत आहे.

याचा उत्तम दाखला मुंबईतच जन्मला. ‘सुहाली’ ही 32 फुटी होडी 1960च्या दशकात मुंबईत भारतीय सुतारांनी सागवानात घडवली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर अधिकारी होता. 14 जून 1968 रोजी तो एकटाच इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि कुठेही न थांबता 22 एप्रिल 1969 रोजी तिथेच परतला. विनाथांबा एकल परिक्रमा करणारा तो पहिला माणूस. ही सफर एका शर्यतीचा भाग होती; तीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारा तो एकटाच.

अटलांटिकमध्येच सुहालीत पाणी शिरू लागलं होतं. कीलजवळ, म्हणजे होडीच्या तळच्या कण्यापाशी, फळ्यांचा सांधा उघडला होता. रॉबिन पाण्यात उतरला. श्वास रोखून फटीत कापूस ठोसायचा प्रयत्न फसला. मग त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं आणि पुन्हा पुन्हा बुडी मारून ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा बसवला. या कामादरम्यान शार्कही आला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या आसपास वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रणा कायमची मोडली. तेव्हा शिडांचा तोल असा साधला, की होडी आपली दिशा बरीचशी आपणच धरून राहील. उरलेला अर्ध्याहून अधिक प्रवास असा झाला.

भारतीय परिक्रमेचं स्वप्न पाहिलं व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे आवटी या कल्पनेचा पाठपुरावा करत राहिले. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात मांडवीतल्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ‘ॲक्वेरियस’ बोटयार्डात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधायला घेतली. महासागरी शिडाची होडी त्या यार्डाने आधी कधी बांधली नव्हती. बांधकामावर दोंदे स्वतः लक्ष ठेवून होते. कुठली तार कुठून गेली, कुठला नट कशाला आवळलेला आहे, हे हाताखालून गेलेलं असणं म्हणजे समुद्रात अर्धं काम झालेलं असणं. मोहिमेच्या तयारीसाठी ते इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेही शिकून आले. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात चार बंदरांत थांबत त्यांनी परिक्रमा पुरी केली, आणि एकट्याने ती करणारे पहिले भारतीय ठरले. 2013मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी याच म्हादेईतून विनाथांबा परिक्रमा करून मुंबईला परतले.

अशा होडीत घरातलं सगळं असतं, पण सगळं मोजून. गोडं पाणी पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी राखायचं. आंघोळीला पाऊस नाहीतर समुद्र. ताजी भाजी सुरुवातीपुरती, पुढे डाळ-तांदूळ, सुकं आणि डबाबंद. होडी कललेली असताना एका हाताने काहीतरी धरल्याशिवाय चहाही करता येत नाही. एकटा माणूस तुकड्या-तुकड्यांनी झोपतो. सोबत असेल तर पहारे लागतात.

म्हादेईनंतर त्याच यार्डात ‘तारिणी’ बांधली गेली. 2017-18मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला, म्हणून मॉरिशसला न ठरवलेला मुक्काम पडला. बिघाड वेळेत ओळखणं, नजीकचं बंदर गाठणं आणि दुरुस्ती करून पुढे निघणं, हेही कौशल्यच. 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात नौदलाच्याच दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणी गोव्याहून नेली आणि जगाला वळसा घालून गोव्याला परत आणली.

या सगळ्यांचे सत्कार झाले, ते योग्यच. पण दिवाडच्या कारागिरांची आणि सुहाली घडवणाऱ्या मुंबईच्या सुतारांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाकूड, फायबर आणि शीड हाताळणारे हात आजही आहेत. त्यांची विद्या नोंदवून ठेवणं आणि शीड शिकणाऱ्या मुलामुलींना आधी त्यांच्या हाताखाली पाठवणं, हे काम आपल्या नौकानयन संस्थांनी आता अंगावर घ्यायला हवं.