मानसोपचारातील श्वान

कुत्रा हा मनुष्याचा फार जुना सोबती होय. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान दाखवितात. खंडोबाच्या परिवारातही कुत्र्याला स्थान आहे. राखण व शिकार ही त्याची परंपरागत कामे. मनोरुग्णांच्या उपचारातही त्याचे साहाय्य होते, ही गोष्ट मात्र शास्त्रज्ञांच्या ध्यानी आली ती योगायोगाने.

१९५३ च्या सुमारास न्यूयॉर्क येथील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे कोणाशीही न मिसळणारा एक मुलगा आईबरोबर ठरलेल्या वेळेच्या बराच आधी आला. लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा तेव्हा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मुलगा भ्याला नाही. उलट त्याला बिलगला. पुढील काही भेटींत तो केवळ कुत्र्याशीच खेळे. हळूहळू त्या खेळात त्याने डॉक्टरांनाही सामील करून घेतले, आणि तेथून उपचारास खरा आरंभ झाला. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मानसशास्त्रज्ञांपुढे मांडला, तेव्हा 'आपल्या शुल्कातील किती वाटा कुत्र्याला देता?' अशी काहींनी थट्टा केली. तरीही १९६२ च्या लेखात त्यांनी कुत्र्याला 'सहचिकित्सक' म्हटले.

येथे कुत्र्याने नेमके काय साधले? तो प्रश्न विचारीत नाही, तोतरेपणाला हसत नाही, गुपित फोडीत नाही. त्यामुळे रुग्णाच्या मनावरील दडपण उतरते. ओळखीच्या कुत्र्याला कुरवाळताना रक्तदाब किंचित उतरतो, आणि माया व विश्वास यांच्याशी निगडित असे ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक वाढते, असे काही प्रयोगांत आढळले आहे.

महाराष्ट्रात ॲनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था या क्षेत्रात कार्य करते. अशा उपचारात प्रत्येक कृतीला हेतू असतो. बोलण्यास कचरणारे मूल कुत्र्याला 'बस', 'ये' अशा आज्ञा देता देता शब्द उच्चारू लागते. त्याचे केस विंचरताना बोटांना वळण लागते. मुंबईच्या विमानतळावर २०२३ साली प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी प्रशिक्षित कुत्री आणण्यात आली. त्यांच्या सहवासाने घटकाभर विरंगुळा मिळतो. परंतु तो मानसोपचार नव्हे. तज्ज्ञाने ठरविलेले उद्दिष्ट व प्रगतीची नोंद यांवाचून उपचार संभवत नाही.

प्रत्येक कुत्रा या कामास योग्य नसतो. अचानक झालेल्या आवाजाने न बिथरणारा, कोणी कान ओढला तरी शांत राहणारा कुत्राच निवडावा लागतो. त्याला रेबीजची लस टोचलेली असावी व पशुवैद्याकडून त्याची नियमित तपासणी व्हावी. ज्याला कुत्र्याची भीती वा ॲलर्जी आहे, त्याच्यावर हा सहवास लादू नये. कुत्र्याचेही हित पाहिले पाहिजे. तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला वा तोंड फिरवू लागला, तर तो बेचैन आहे असे समजून त्याला विश्रांती द्यावी.

कुत्रा रोगाचे निदान करीत नाही आणि औषधाची जागाही घेत नाही. तो मुक्या मनाला संवादाची वाट मोकळी करून देतो. त्या वाटेने पुढे नेण्याची जबाबदारी चिकित्सकाचीच असते.