साडेसात टनांची रेघ

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचे बंदर कार्यान्वित झाले. पाच आठवड्यांनी, १ जुलैला, १९८८चा मोटार वाहन कायदा देशभर लागू झाला. योगायोगच, पण नवी मुंबईतल्या चालकांचे पुढचे आयुष्य या दोन गोष्टींनी घडवले. बंदरामुळे ट्रेलर आले, वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीमुळे ट्रक आणि टेम्पो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांमुळे टँकर. यातले कुणी काय चालवायचे, ते नव्या कायद्यातले लायसन्सचे वर्ग सांगणार होते.

सुरुवातीला हे वर्ग पुष्कळ होते. गिअरची व बिनगिअरची मोटारसायकल, हलके वाहन, मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी, रोडरोलर. हलक्याची मर्यादा ६,००० किलो आणि १२,००० किलोंच्या वर गेले की जड. १९९४च्या दुरुस्तीने मधले चारही वर्ग पुसून ‘परिवहन वाहन’ असा एकच वर्ग केला आणि हलक्याची मर्यादा ७,५०० किलोंवर नेली.

कागद सुटसुटीत झाला, पण टेम्पोवाला मात्र अडकला.

१९८६मध्ये आलेला टाटा ४०७ किंवा २००५चा टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’, वजनाने हलकाच. पण भाड्याने माल वाहतो म्हणून परिवहन वाहनही. मग पहाटे बाजारातून भाजी भरून निघणाऱ्या चालकाकडे साधे हलक्या वाहनाचे लायसन्स असले तर चालेल, की त्यावर ‘टीआर’ची, म्हणजे परिवहनाची, नोंद हवी? एरवी हा प्रश्न कुणी विचारत नसे. अपघात झाला की विमा कंपनी विचारी. लायसन्स चुकीच्या वर्गाचे आहे, भरपाई देणार नाही, असा पवित्रा घेतला जाई आणि मृताचे कुटुंब दावा न्यायाधिकरणात खेटे घालत राही.

३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालासह एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर हलक्या वाहनाचे लायसन्स पुरे. एप्रिल २०१८मध्ये केंद्राने तशी सूचना राज्यांना दिली. विमा कंपन्यांना ते मान्य नव्हते. अखेर प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तीच भूमिका कायम ठेवली. निकाल न्या. हृषीकेश रॉय यांनी लिहिला. हलक्या वाहनाचे लायसन्सधारक टेम्पो चालवतात म्हणून अपघात वाढले, असे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आलीच नव्हती.

निकाल योग्यच झाला. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याला आणि अपघातात माणूस गमावलेल्या घराला त्याने आधार दिला. उणीव आहे ती परीक्षेत. छोट्या मोटारीवर परीक्षा दिलेला माणूस कायद्याने सात टनी टेम्पोवर बसू शकतो. लादलेल्या गाडीला थांबायला लागणारे अंतर त्याला कुणी शिकवलेले नसते. हे शिक्षण परीक्षेतच यायला हवे.

साडेसात टनांच्या वर मात्र सवलत नाही. ट्रेलर, बस वा मोठ्या ट्रकसाठी परिवहनाचेच लायसन्स लागते. त्यासाठी वय किमान २० आणि त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचे लायसन्स हवे. आठवी पासची अट २०१९मध्ये गेली. परिवहन लायसन्सची मुदतही तीनवरून पाच वर्षे झाली. धोकादायक रसायनांच्या टँकरचालकाला वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागतेच. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी ही अट फार मोलाची आहे.

लायसन्सवर दोन मुदती छापलेल्या असतात, एक परिवहनेतर वाहनांची आणि दुसरी परिवहनाची. पहिली चालू असताना दुसरी संपलेली असू शकते. गाडीमालकांनी चालकाच्या हाती किल्ली देण्याआधी वर्ग, दोन्ही तारखा आणि गाडीच्या नोंदणीपत्रातले एकूण वजन ताडून पाहावे. ‘सारथी’ संकेतस्थळावर लायसन्सची खातरजमाही करता येते.