हांगझोऊची १०७ पदके : समज आणि वस्तुस्थिती

८ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचा समारोप झाला, तेव्हा भारताच्या नावावर २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्य अशी १०७ पदके होती. त्याआधीची आपली सर्वोत्तम संख्या २०१८ सालची, ७० पदकांची. झेप मोठीच होती. पण या आकड्याभोवती काही समज इतके घट्ट बसले आहेत की खेळाडूंनी नेमके काय कमावले तेच झाकले जाते.

"बरीचशी पदके कबड्डी-क्रिकेटची आहेत"

कबड्डीत दोन आणि क्रिकेटमध्ये दोन सुवर्णपदके मिळाली. १०७ पैकी ही चार. सर्वाधिक २९ पदके ॲथलेटिक्सने दिली आणि त्याखालोखाल २२ नेमबाजीने. ॲथलेटिक्समधली सहा सुवर्णपदके तर कोणत्याही देशाला अभिमान वाटावा अशी आहेत. पारुल चौधरीने ५००० मीटर शर्यतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात जपानी धावपटूला मागे टाकले. भालाफेकीत नीरज चोप्राने ८८.८८ मीटर, तर किशोर जेनाने ८७.५४ मीटर अंतर गाठले आणि पहिले दोन्ही क्रमांक भारताकडे आले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १९.५० सेकंदांत स्पर्धाविक्रमासह जिंकली आणि पुढे ५००० मीटरमध्ये रौप्यही मिळवले.

कबड्डीचे सुवर्णही हक्काचे राहिलेले नाही. २०१८ मध्ये इराणने आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत आणि महिला संघाला अंतिम फेरीत हरवले होते. हांगझोऊत महिलांनी तैवानला २६-२५ असे, म्हणजे एका गुणाने हरवले.

"आशियात चौथे आलो, आता ऑलिम्पिकमध्येही पदकांचा पाऊस"

सर्वांत जास्त निराशा याच समजाने पदरी पडली. दोष खेळाडूंचा नव्हता, आपण आकडा चुकीचा वाचला होता. २८ सुवर्णपदकांची प्रकारवार फोड करून पाहा. तिरंदाजीची पाचही सुवर्णे कंपाउंड धनुष्याची आहेत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह धनुष्य होते. नेमबाजीच्या सात सुवर्णांपैकी पाच सांघिक आहेत. त्यात पात्रता फेरीतल्या तिघांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरतो, पण पॅरिसमध्ये हा प्रकारच नव्हता. स्क्वॉश, क्रिकेट आणि कबड्डीची प्रत्येकी दोन सुवर्णे हीही ऑलिम्पिकबाहेरची. एकूण १६ झाली. उरलेली १२ पॅरिसच्या कार्यक्रमात असलेल्या प्रकारांतली.

शिवाय आशियाई स्पर्धेत केनिया, इथिओपिया, मोरोक्को नसतात, अमेरिका आणि युरोप नसतात. पॅरिसच्या अंतिम शर्यतीत साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत धावला. हांगझोऊच्या सुवर्णवेळेपेक्षा तो पाच सेकंदांनी वेगवान होता, तरी अकरावा आला. अधिक चांगले धावूनही त्याच्यावर 'अपयशी'चा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. नीरजचेही तसेच. पॅरिसमध्ये त्याने ८९.४५ मीटर भाला फेकला, हांगझोऊपेक्षा लांब, आणि त्याला रौप्य मिळाले. सुवर्ण जिंकणारा पाकिस्तानचा अर्शद नदीम हांगझोऊत दुखापतीमुळे भालाफेकीत उतरलाच नव्हता. पॅरिसमध्ये भारताला एक रौप्य आणि पाच कांस्य मिळाली, सुवर्ण एकही नाही. प्रकारवार फोड आधी पाहिली असती, तर हा आकडा एवढा धक्कादायक वाटला नसता.

याच हिशेबाची दुसरी बाजू आशेची आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट, स्क्वॉश आणि कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. हांगझोऊत कंपाउंड मिश्र सांघिकचे सुवर्ण ज्योती सुरेखा वेण्णम आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी जिंकले होते.

"इतके वरचे स्थान आधी कधी मिळाले नव्हते"

संख्येच्या दृष्टीने हांगझोऊ सर्वोच्च, क्रमांकाच्या दृष्टीने नाही. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या स्पर्धेत भारत जपानपाठोपाठ दुसरा होता. अर्थात तेव्हा देश अकराच होते आणि सुवर्णपदके ५७, त्यांतली १५ आपली. हांगझोऊत ४८१ क्रीडाप्रकार झाले आणि एकट्या चीनने २०१ सुवर्णे नेली. दोन्ही काळांची थेट तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. १९९० च्या बीजिंगमध्ये मात्र आपल्याला एकच सुवर्ण मिळाले होते, तेही कबड्डीचे. पुढच्या तेहतीस वर्षांतली वाटचाल मोजायची तर तिथून मोजावी.

"सगळ्याच खेळांत प्रगती झाली"

नाही. कुस्तीत सहा आणि मुष्टियुद्धात पाच पदके आली, पण सुवर्ण एकही नाही. २०१८ मध्ये कुस्तीत दोन आणि मुष्टियुद्धात एक सुवर्ण होते. भारोत्तोलन आणि जलतरणात पदकाचे खातेही उघडले नाही. पोहण्यात पदकांची संख्या भरपूर असते, त्यामुळे ही पोकळी एकूण तक्त्यावर कायम दिसत राहते.

"महाराष्ट्र फक्त क्रिकेटपुरता"

क्रिकेट संघाचा कर्णधार ऋतुराज गायकवाड होता हे सर्वांना आठवते. ओजस देवतळेने तीन सुवर्णे जिंकली, हे किती जणांना आठवते? साताऱ्याची आदिती स्वामी आणि बुलढाण्याचा प्रथमेश जावकर कंपाउंडच्या सुवर्णविजेत्या संघांत होते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलच्या संघाने दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविक्रम केला. टेनिसच्या मिश्र दुहेरीत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासह सुवर्ण पटकावले.

आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याला सांघिक सुवर्ण मिळाले, पण वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना एक नेम चुकला आणि तो चौथा आला. दहा महिन्यांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकले. पदकतक्त्यात चौथ्या क्रमांकाला जागा नसते. यापुढे निकाल वाचताना एकूण बेरजेबरोबर खेळाडूची वेळ, अंतर आणि गुणही जरूर पाहा.