फ्रिज गार होईना, म्हणजे काँप्रेसरच गेला असं नाही



मागच्या उन्हाळ्यात आपल्या प्रभागसंघातल्या एका गटाचा १९ किलो चक्का एका रात्रीत आंबला. लग्नाच्या श्रीखंडाची ऑर्डर होती, ॲडव्हान्सही घेतलेला होता. गटाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच सांगितलं, "गोष्ट लिही गं, पण नाव नको. अजून दुखतंय."

या गटाकडे मोठा, कपाटासारखा दोन उभ्या दारांचा फ्रिज आहे. डावं दार उघडलं की फ्रीझर, उजवं उघडलं की फ्रिज. दुकानात त्याला साइड बाय साइड म्हणतात. शहरातलं एक कुटुंब घर बदलत होतं, त्यांच्याकडून गटाने तो १८,००० रुपयांना घेतला होता, अंतर्गत कर्जातून. दोन वर्षं छान चालला. मग मे महिन्यात उजवीकडचा कप्पा कोमट झाला. मेकॅनिक आला, दार उघडलं, हात लावला आणि म्हणाला, "काँप्रेसर गेला, गॅसपण संपलाय, १४,००० लागतील." पाच मिनिटांत निकाल.

त्या बैठकीला मी हजर होते. निम्म्या जणी म्हणत होत्या, भंगारात घाला. ज्या ताईंनी फ्रिज घ्यायचं सुचवलं होतं त्या एका कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या, आणि कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं बोललंच. हप्ता तर अजून पाच महिने फेडायचा होता. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, बैठकीतलं भांडण मिटवायला मला शिकवलंय, फ्रिजचं काही शिकवलेलं नाही. म्हणून माझ्या मावसभावाला फोन लावला. तो आयटीआयमधून फ्रिज-एसीचा ट्रेड केलेला. त्याने एकच विचारलं, "फ्रीझरमध्ये बर्फ होतोय का?"

"हो, दगडासारखा."

"मग काँप्रेसर गेलाय तर बर्फ कोण करतंय?"

तिथून पुढे मला जे कळलं ते सगळ्या गटांच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

आत चालतं काय?

या फ्रिजला दारं दोन असली तरी काँप्रेसर बहुधा एकच असतो. थंडी तयार होते ती फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर. तिथे एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातलीच थोडी हवा मधल्या भिंतीतल्या झडपेतून उजवीकडे ढकलतो. म्हणजे आपलं दूध-दही ज्या बाजूला असतं तिला स्वतःची थंडी नाही, शेजारणीकडून आलेल्या हवेवर ती चालते.

आता हवेतला दमटपणा त्या कॉइलवर बर्फ होऊन बसतो. तो वितळवायला खाली एक हीटर असतो, दिवसातून काही वेळा आपोआप थोडा वेळ चालू होतो. त्याला डिफ्रॉस्ट हीटर म्हणतात. त्याच्या जोडीला एक सेन्सर आणि एक फ्यूज. या तिघांपैकी एक जरी बिघडलं तरी बर्फ साचत जातो, कॉइल बर्फाने बुजते आणि हवा पुढे जाईनाशी होते. फ्रीझर वरवर ठीक वाटतो आणि उजवी बाजू कोमट. आपल्या गटाचं हेच झालं होतं.

हे घरच्या घरी तपासता येतं, स्क्रू ड्रायव्हर न लावता. सामान दुसरीकडे हलवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून खाली जुनी पातळं-टॉवेल अंथरा आणि पूर्ण २४ तास तसंच राहू द्या. मग चालू करा. उजवी बाजू नीट गार झाली, आठ-दहा दिवस चालली आणि पुन्हा कोमट झाली, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या भागात असण्याची शक्यता फार मोठी. २४ तासांनंतरही गार झालाच नाही तर कारण दुसरं. बर्फ लवकर निघावा म्हणून सुरी किंवा उलथनं घालू नका. कॉइलला भोक पडलं की गॅस गेला, आणि मग खरोखरच मोठा खर्च.

आपल्या गटाचा फ्रिज आठ दिवस चालला आणि नवव्या दिवशी पुन्हा कोमट. दुसऱ्या मेकॅनिककडून मागचा पत्रा उघडून घेतला तर कॉइल अख्खी पांढरी. हीटर जळाला होता. हीटर ८५० रुपये, मजुरी ५००. चौदा हजार कुठे आणि हे कुठे! पहिल्या मेकॅनिकने मुद्दाम फसवलं की त्याला कळलं नाही, ते मी सांगू शकत नाही. पण पत्रा न उघडता त्याने निकाल दिला, ही चूक आपल्याला त्याच वेळी दिसायला हवी होती.

एक खूण लक्षात ठेवा. पत्रा उघडल्यावर मेकॅनिकला म्हणायचं, "दादा, मला बघू द्या." कॉइल सगळीकडून सारख्या जाड बर्फाने झाकली असेल तर बर्फ वितळत नाहीये. एखाद्याच कोपऱ्यात थोडासा बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी असू शकतो. आणि गॅस चुलीतल्या लाकडासारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तेच. नळी उघडून काम केलं की फिल्टर ड्रायर नावाचा छोटा तांब्याचा भाग नवा घालायचा असतो, तोही बिलात दिसला पाहिजे. काँप्रेसरवरच्या पट्टीवर आर ६०० ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. ते काम चूल किंवा शेगडी पेटलेल्या खोलीत करू द्यायचं नाही, दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि माणूस त्या गॅसचं काम शिकलेला हवा.

फ्रिज "टक" करतो, थोडं गुणगुणतो आणि परत "टक" करून गप्प होतो, असं झालं तरी लगेच काँप्रेसरवर येऊ नका. साध्या काँप्रेसरला बाजूला एक रिले लावलेला असतो, तो स्वस्त असतो आणि पटकन बदलतो. कधी नुसतं व्होल्टेज कमी असतं. संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इन्व्हर्टर काँप्रेसरला मात्र रिले नसतो, कार्ड असतं, आणि कार्ड महाग.

पार्ट कसा शोधायचा

पार्ट शोधायला निघताना फ्रिजच्या नुसत्या कंपनीचं नाव सांगून काही होत नाही. एकाच कंपनीची पन्नास मॉडेलं असतात. फ्रिजच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर किंवा मागे एक स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर असतो. त्याचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. स्टिकर पुसट होतो, पण फोटो राहतो. जुना पार्ट निघाला की त्यावर छापलेल्या आकड्यांचाही फोटो घ्या.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी विचारा. मग जिल्ह्याच्या गावी फ्रिज-एसीचे सुटे भाग विकणारी दुकानं असतात तिथे. मेकॅनिकही तिथूनच आणतो. हीटर, सेन्सर, रिले, पंख्याची मोटार हे तिथे बऱ्याचदा मिळतं. मात्र आत प्लास्टिकचे जे ट्रे आणि दाराचे कप्पे असतात ते लवकर तुटतात आणि मिळायला सगळ्यात अवघड. त्यासाठी जुने फ्रिज मोडणाऱ्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचा फ्रिज आलाय का ते विचारून ठेवा. कप्पे, हँडल तिथून घ्यायला हरकत नाही. हीटर, फ्यूज, रिले जुना घेऊ नका, वाचलेले दोनशे रुपये परवडत नाहीत. काचेचा कप्पा फुटला तर माप देऊन टफन काच करून मिळते. माप बरोबर द्या, कारण टफन झाल्यावर ती काच कापता येत नाही.

दाराचं रबर बदलायचं म्हटलं की खर्च होतो, तेव्हा आधी ते खरंच गेलंय का ते बघा. दारात दहाची नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर त्या जागी रबर धरत नाही. दोन्ही दारांना चारी बाजूंनी करून बघा. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, त्यात दुधाचा चिकटा आणि पीठ बसलेलं असतं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून पुसलं, वाकलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं की पुष्कळदा ते सरळ होतं. तरीही नाही झालं तर मॉडेल नंबर सांगून नवीन.

कंपनीने पार्ट द्यायला टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टलही सुरू केलंय, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी बघायला मिळते. सीआरपी ताईंना सांगा, त्या मोबाइलवर उघडून देतील.

रोजचं आणि महिन्याचं

मोठ्या फ्रिजची गरम हवा बाहेर टाकणारी जाळी बऱ्याचदा खाली मागच्या बाजूला असते. तिथे धूळ, केस, आपल्याकडे तर पिठाची राळ आणि चुलीची काजळी बसते. दोन-तीन महिन्यांतून प्लग काढून मऊ ब्रशने साफ करायचं. एका गटात तिथे उंदराने घर केलं होतं आणि वायर कुरतडली होती, तेव्हा मागे नजर टाकत जा. भिंतीपासून थोडं अंतर हवंच.

फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी होत असेल किंवा खाली पाणी येत असेल तर वितळलेलं पाणी जाणारं भोक बुजलंय. बर्फ वितळल्यावर ते कोमट पाण्याने मोकळं होतं.

फ्रिज समोरून किंचित उंच ठेवा म्हणजे दार सोडलं की आपोआप लागतं. दाराला पाण्याचा नळ असेल आणि तो जोडलेला नसेल तर बर्फाचं यंत्र बंद ठेवा.

स्टॅबिलायझर असा घ्या की लाइट आल्यावर लगेच नाही, थोड्या मिनिटांनी फ्रिज चालू करेल. त्याच बोर्डावर मिक्सर आणि घरघंटी नको. अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हाताने काम करणाऱ्या आपण.

विक्रीचा माल ठेवता तर एक थर्मामीटर घ्याच. ग्लासभर पाण्यात ठेवून उजव्या बाजूला ४ अंशांच्या आसपास, फ्रीझरमध्ये उणे १८. डिस्प्लेवरचा आकडा हा आपण मागितलेला आकडा असू शकतो, आतला खरा असेलच असं नाही. लाइट गेली तर दार उघडू नका. बंद दारात फ्रिजची बाजू साधारण ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. "बघू बरं अजून गार आहे का" म्हणून दर तासाला उघडणारी प्रत्येक गटात एक असते. आमच्या ऑफिसात ती मी आहे.

पैशाचं काय

त्या गटात खरं भांडण फ्रिजचं नव्हतं, दुरुस्ती कुणाच्या पैशातून हे ठरलेलं नव्हतं म्हणून होतं. श्रीखंड करणाऱ्या सहा जणी म्हणाल्या गटाने द्यावे, बाकीच्या म्हणाल्या नफा तुम्ही घेता तर खर्चही तुम्हीच करा. दोन्हींकडे थोडं थोडं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं: प्रत्येक किलो विक्रीमागे ५ रुपये बाजूला, वेगळ्या पानावर लिहायचे, आणि त्याला दुरुस्ती सोडून हात लावायचा नाही. आणखी एक ठराव केला की २,००० च्या वरचं काम दोन मेकॅनिकना विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्यायचा. जुना हीटर आजही त्यांच्या कपाटात आहे. फ्रिज घ्यायचं सुचवणाऱ्या ताईंनीच तो जपून ठेवलाय.

पुढच्या मासिक बैठकीला ज्या गटांकडे फ्रिज किंवा डीप फ्रीझर आहे त्यांनी तीन गोष्टी आणा: मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो, मागच्या दुरुस्तीचं बिल असेल तर ते, आणि ज्याचं काम चांगलं वाटलं त्या मेकॅनिकचा नंबर. सगळ्यांचं मिळून एक यादी करून प्रभागसंघाच्या ऑफिसात लावू. ज्यांच्या फ्रिजचं मॉडेल एकच निघेल त्यांना पार्ट एकत्र मागवता येतील.

— तुमची क्षेत्र समन्वयक