पुराची सूचना आणि भरतीची वेळ

२२ जुलै २०२१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहर पुरात बुडाले. कारण एकच नव्हते. वाशिष्ठीच्या खोऱ्यात रात्रभर अतिवृष्टी झाली होती. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही याच नदीत येते. शिवाय भरतीचे पाणी खाडीतून वर चढले की नदीचा निचरा मंदावतो.

यांपैकी पावसाचा अंदाज हवामान खाते देते. विसर्ग धरणावरच्या कार्यालयाला ठाऊक असतो. भरतीची वेळ मच्छीमार तिथीच्या पाऊणपटीने काढतात. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. १३ ची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे खाडीच्या मुखाशी सकाळी व रात्री दहाच्या सुमारास भरती. ही तिन्ही माहिती वेळेवर एकत्र आली, तरच पाणी केव्हा व किती चढेल याचा नीट अंदाज बांधता येतो.

पण अंदाज म्हणजे बचाव नव्हे. सूचना येताच आजारी माणसे, गुरे, दुकानांतला माल कोणी व कोठे हलवायचा, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले हवे.

शाळेतही आपण सुरुवात करू शकतो. रोजचा पाऊस मोजून तो भरतीच्या वेळेसह फळ्यावर लिहू. २०२१ चे पाणी गावात कोठवर आले होते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून करून घेऊ आणि तो ग्रामपंचायतीला देऊ.