ताडोबाएवढा हिमनग, दहा गोसीखुर्दांची चूक

नकाशावर वैनगंगेकाठच्या आरमोरीवर बोट ठेवा आणि ते सरळ दक्षिणेकडे सरकवत न्या. तेलंगण, आंध्र ओलांडून, चेन्नई पूर्वेला ठेवून, श्रीलंकेच्या किनाऱ्याला घासून बोट हिंदी महासागरात उतरतं. पुढे एखाददुसरं बेट सोडलं तर नुसतं पाणी. जमीन लागते ती थेट अंटार्क्टिकाची. तिथंच, किंचित पश्चिमेला, लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र उभं आहे. आरमोरी ते भारती अंतर सुमारे १०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ बरोबर चौथा हिस्सा.

माणसाला हे अंतर कापायला विमान, बोट आणि नशीब तिन्ही लागतात. इस्रोचा ओशनसॅट-२ हा उपग्रह ७२० किलोमीटर उंचीवरून ९९ मिनिटांत एक प्रदक्षिणा करायचा. आरमोरीच्या आभाळातून दक्षिणेला निघाला की २५ मिनिटांत तो भारतीच्या टापूत! अशा उपग्रहांची माहिती उतरवून घ्यायला भारतीवर अँटेनाही बसवलेला आहे.

या केंद्राच्या शेजारी अमेरी आइस शेल्फ आहे. हिमनद्या जमिनीवरून समुद्रात उतरून तरंगू लागल्या की बनणारी ही बर्फाची अवाढव्य लादी. २०१९ च्या सप्टेंबरअखेर तिचा एक तुकडा सुटला. अमेरिकेच्या नॅशनल आइस सेंटरनं त्याला ‘डी-२८’ हा क्रमांक दिला. अंटार्क्टिकाचे रेखांशांनुसार चार भाग पाडून त्यांना ए, बी, सी, डी म्हणतात. शून्य ते ९० अंश पूर्व हा ‘डी’. गंमत म्हणजे अमेरीच्या कडेला भेगांनी वेढलेला एक तुकडा शास्त्रज्ञांनी ‘सैल दात’ म्हणून कधीचा हेरून ठेवला होता. तो राहिला जागेवर, आणि शेजारचाच निखळला.

डी-२८ चं क्षेत्रफळ १,६३६ चौरस किलोमीटर. कोअर आणि बफर मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळपास अख्खं ताडोबा समुद्रात तरंगत निघालं. तरी हिमनगांच्या जमातीत हा मध्यमच. २००० सालच्या मार्चमध्ये रॉस आइस शेल्फपासून सुटलेला बी-१५ हा २९५ किलोमीटर लांब आणि ३७ किलोमीटर रुंद होता. गुणाकार केला तर ११,००० चौरस किलोमीटरला थोडेच कमी पडतात. सगळा चंद्रपूर जिल्हा भरतो ११,४४३.

आता वजन. डी-२८ ची जाडी सुमारे २१० मीटर. १,६३६ चौरस किलोमीटरला २१० मीटरनं गुणलं की साधारण ३४,४०० कोटी घनमीटर बर्फ निघतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका, एक घनमीटर भरतो सुमारे ९१७ किलो. म्हणून वजन ३१,५०० कोटी टन. तेवढ्याच घनमीटर पाण्याचा हा ऐवज. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा एकूण साठा सुमारे ११५ कोटी घनमीटर. एका डी-२८ मधून गोसीखुर्द पावणेतीनशे वेळा काठोकाठ भरेल.

एवढं धूड नजरेआड होईल कसं? पण होतं. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सूर्य उगवत नाही आणि एरवी ढग हटत नाहीत, त्यामुळे साधा कॅमेरा आंधळा. १९९२ मध्ये थ्वेट्स हिमनदीपासून सुटलेल्या हिमनगाचा बी-१०ए हा तुकडा असाच हरवला. ७७ किलोमीटर लांबीचा हा ऐवज सापडला १९९९ च्या जुलैत, क्विकस्कॅट या नव्याकोऱ्या उपग्रहाला, आणि तोही जहाजांच्या वाटेकडे सरकताना.

क्विकस्कॅट हिमनग शोधायला सोडलेलाच नव्हता. त्याचं काम समुद्रावरचा वारा मोजण्याचं. ओशनसॅट-२ वरच्या स्कॅटरोमीटर या रडारचंही तेच. अशा यंत्रांनी मोजलेले समुद्रावरचे वारे हवामानाच्या अंदाजात वापरतात आणि आरमोरीचा धान उत्पादक ज्या मान्सूनची वाट बघतो त्याचा अंदाजही त्यात आला. रात्री बोडीच्या संथ पाण्यावर तिरपा टॉर्च मारला तर उजेड पलीकडे निघून जातो. पाण्यावर लहरी असतील तर थोडा परत येतो. रडारचंही तसंच, आणि परत आलेल्या लहरींवरून वारा कळतो. हिमनगाच्या कोरड्या बर्फात मात्र रडारलहरी आत शिरतात, विखुरतात आणि भरपूर परततात. काळ्या समुद्रात पांढरा ठिपका उमटतो. अंधार, ढग, कशाचीच आडकाठी नाही. अमेरिकेतलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ अशाच ठिपक्यांवरून हिमनगांची रोजनिशी ठेवतं. त्यात ओशनसॅट-२ च्या नोंदीही आहेत.

ठिपक्यावरून लांबी-रुंदी कळते, जाडी नाही. त्यासाठी अल्टिमीटर हवा. भारत आणि फ्रान्सनं २०१३ मध्ये सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहावर तो होता. हे यंत्र सरळ खाली लहर सोडतं आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतं. उंचीत एक मीटरचा फरक म्हणजे वेळेत सेकंदाच्या पंधरा कोटी भागांतल्या एकाचा. हिमनगाचा पाण्यावर दिसतो तो थोडका भाग, बाकी सगळा बुडालेला. वरचा एक मीटर चुकला की जाडी आठेक मीटरनं चुकते. डी-२८ च्या बाबतीत जाडीचा एक मीटर म्हणजे दीडशे कोटी टन. आठ मीटर म्हणजे १,२०० कोटी टन, दहा गोसीखुर्द! यंत्रं सेंटिमीटरपर्यंत अचूक असतात, पण माथ्यावरचं भुसभुशीत हिम किती आणि किती घट्ट, इथं हिशेब अडतो.

ही काटेकोर मोजणी हौसेखातर नाही. तरंगणारा बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, पण गोड्या पाण्याचा लोंढा आसपासचा समुद्र बदलतो. २०१७ मध्ये सुटलेल्या ए-६८ चा सर्वांत मोठा तुकडा साउथ जॉर्जिया बेटाजवळ पोचला, तेव्हा पाच उपग्रहांच्या मोजणीतून कळलं की तीन महिन्यांत त्यानं १५,२०० कोटी टन पाणी सोडलं. रोजचे दीड गोसीखुर्द, तेही तीन महिने अखंड. हा हिशेब निघाला तो हिमनग किती पातळ होत गेला यावरून. लांबी-रुंदी कुठल्याही चित्रावरून निघते. तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक लाख कोटी टनांचा हिमनग’ अशी बातमी आली, तर आधी विचारा, जाडी कशी मोजली?